जहाजावरचा चाचा

अर्चनाचा जहाजावर राग नव्हता. राग होता तो जहाजावरच्या कुकवर.

तिची एकुलती एक लेक सान्वी देवमासे वाचवणाऱ्या एका संस्थेच्या जहाजावरून अंटार्क्टिकाच्या समुद्रात गेली होती. शारजाच्या घरी स्वतःचा ग्लास न उचलणारी ही बया तिथे बर्फाळ डेकवर उभी राहून मासेमारीच्या बोटींवर पहारा करायची. तेही अर्चनाने गिळलं असतं. पण फोनवर उठता-बसता त्या कुकचंच नाव, हमदुल्लाचाचा! समुद्र खवळला, सान्वी ओकली, की चाचा पेज करून देणार. तिचे ओले मोजे चाचा भट्टीजवळ वाळवणार. आणि अर्चनाचा मऊ भात? तापातसुद्धा तोंड फिरवायची कार्टी. अर्चनाचा नुसता जळफळाट व्हायचा.

आता सफर संपत आली होती. सान्वी घरी येणार की पुढच्या सफरीलाही थांबणार, हे ती रविवारी सांगणार होती. अर्चनाने तिच्या खोलीचे पडदेसुद्धा धुऊन टाकले.

अर्चनाची एक खोड होती. लिफ्टमध्ये, ऑफिसच्या बसमध्ये, समोरच्याकडे बघून गोड हसत ती मराठीत त्याचा उद्धार करायची. इथे कुणाच्या बापाला कळतंय! इतक्या वर्षांत कधी पकडली गेली नव्हती.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला तो जहाजाच्या स्वयंपाकघरात. पांढऱ्या दाढीचा चाचा मागे कांदा चिरत होता. त्याने हात जोडून हिंदीत नमस्ते केलं. अर्चनानेही केलं आणि हसत हसतच लेकीला म्हणाली, "हाच का तो? दोनदा पेज काय पाजली, तुझी आई व्हायला निघालाय मेला. दुसऱ्याची पोर फितवायला लाज नाही वाटत?"

सान्वीचा चेहरा पडला. चाचाने सुरी खाली ठेवली.

"मी रत्नागिरीचा, ताई," तो म्हणाला. "रोज सांगतो हिला, घरी जा गो, आई वाट बघत असेल. आज कुठं तयार झाली होती."

एवढं बोलून तो बाहेर गेला. सान्वीने फोन हातात घेतला.

"आई, मी नाय येत. पुढच्या सफरीला सही करतंय."

फोन बंद झाला. अर्चनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं झोंबलं ते वेगळंच. जन्मभर तिला इंग्रजीत उत्तरं देणारी लेक आज पहिल्यांदा मराठीत बोलली होती, आणि ती मराठी सगळी चाचाची होती.