सगळ्या खिडक्यांचं अक्षर

"ती गोधडी नगं, ती माझ्या आईची हाय. दुसरी घ्या," भामाबाई म्हणाली. पण तोवर सुनेनं कॉम्प्युटरच्या तोंडावर तीच गोधडी ओढून वरून सुतळी आवळलीसुद्धा होती.

"आत्या, जाड हीच हाय. खर्डा ते जामखेड रस्ता तुमाला काय सांगायचा?" यशोधरा म्हणाली. ती सासूला आत्याच म्हणायची. "काच फुटली तर मेळावा कशावर घ्यायचा?"

"मागले सात मेळावे कशावर घेतले?"

भीमराजला, म्हणजे भामाबाईच्या लेकाला, एकाएकी टेम्पोचा दोर फार महत्त्वाचा वाटू लागला. आईनं तोंड उघडलं की तो नेहमी दोर, खिळा, नाहीतर चप्पल शोधायचा.

भामाबाई दुसरीपर्यंत शिकली होती, तीही दुष्काळात अर्धीच. पण जामखेड तालुक्यातल्या बौद्ध घरांत कुठलंही लग्न जुळायचं तर त्याची वाट तिच्या ओट्यावरूनच जायची. कोणाची मुलगी बालवाडीवर लागली, कोणाच्या पोराला दारूचा नाद, कोणाची सासू जिभेनं जाळते, सगळं तिच्या डोक्यात. दरवर्षी विहारातल्या वधू-वर मेळाव्यात ती माईक धरून एकेका पोराचं, पोरीचं नाव, गाव, शिक्षण, मामाचं घर घडाघडा सांगायची. हातात चिटोरं नसायचं. लोक म्हणायचे, भामाबाई म्हणजे चालतंबोलतं दफ्तर. ती वरवर रागवायची, "मी काय तलाठी हाय व्हय?" आणि घरी आल्यावर तेच वाक्य चार शेजारणींना सांगायची.

मग सून आली. नगरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. क्लासवाल्यानं मोडीत काढलेलं एक मशीन तिनं भीमराजकरवी घरी आणलं आणि सहा महिने खपून मेळाव्याचा प्रोग्राम बनवला. फॉर्म आले की ती टाइप करायची. मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव, निवृत्त हेडमास्तर, ओट्यावर यायचे, भामाबाईला जय भीम घालायचे, आणि आत डोकावून विचारायचे, "यशोधरा, आष्टीकडची बी.ए. झालेली मुलगी कोणती गं?"

त्या मुलीचं नाव भामाबाईच्या जिभेवर असायचं. तिला कोणी विचारत नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी उत्तमरावांनी शेवटचा घाव घातला. "वहिनी, यंदा वाचन यशोधरा करील. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. तुमचा शाल देऊन सत्कार करायचा आहे."

शाल कोणाला देतात ते भामाबाईला ठाऊक होतं. मास्तर घरी बसला की शाल, ड्रायव्हरला दिसेनासं झालं की शाल.

त्याच संध्याकाळी सुनेनं तिला मशीनपुढं बसवलं. मनानं चांगली होती ती, हेच भामाबाईला सोसत नव्हतं. वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

"अक्षरं बारीक दिसत्यात ना आत्या? थांबा." यशोधरानं वरच्या ओळीत एका जागी उंदीर, म्हणजे माउस, नेला, 'मांडणी' नावाची खिडकी उघडली, एक आकडा बदलला. नावांची यादी मोठी झाली. दुसरी खिडकी उघडली, तिच्यातलीही अक्षरं मोठी. तिसरीतही.

"परत्येकाला येगळं सांगितलं न्हाई तू?"

"न्हाई. हीच तर गंमत हाय. प्रत्येक खिडकीला वेगळं सांगत बसलं तर एखादी राहून जाते. सगळ्यांचं एकाच जागी लिहून ठेवायचं. खिडकी उघडली की ती तिथं विचारून घेते, माझा रंग कुठला, माझं अक्षर केवढं."

कालपरवापर्यंत या घरात ती एक जागा म्हणजे भामाबाई स्वतः होती. मिठापासून मुहूर्तापर्यंत जो तो तिला विचारून घ्यायचा.

"आन् हे काय?" तिनं आकड्याशेजारच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"त्याला नका हात लावू. ते अक्षराचं नाव हाय. ही मराठी अक्षरं आतून इंग्रजीच असत्यात, वरून मराठी चढवलेली. तिथं दुसरं नाव निवडलं की सगळ्या खिडक्यांत किडे-मुंग्या. माहिती जात न्हाई, पन वाचता येत न्हाई."

भामाबाईनं ते ऐकलं आणि कमरेच्या पिशवीत तंबाखू ठेवावी तसं ठेवून दिलं.

जामखेडच्या विहारात टेम्पो पोचला तेव्हा नऊ वाजले होते. सतरंज्या पडल्या होत्या, स्पीकरवाला "हॅलो, चेक, चेक" करत होता. स्टेजवर टेबल लावलं, गोधडी सोडली, मशीन सुरू झालं. यशोधरानं दोनचार नावं उघडून पाहिली आणि साडी बदलायला मागच्या खोलीत गेली. "आत्या, जरा ध्यान द्या, पोरं वायरीत पाय घालतील."

भामाबाई खुर्चीत बसली. वरच्या ओळीत ती जागा. 'मांडणी'. म, अनुस्वार, ड, ण: दुसरीचा अर्धा वर्ग एवढ्याला पुरला. उंदीर हातात नीट धरवेना, तीनदा निसटला. मग पट्टी खाली उघडली आणि नावांची रांग लागली. तिनं सगळ्यात वरचं नाव दाबलं.

पडद्यावरची माणसं गेली. कंस, स्वल्पविराम, इंग्रजी अक्षरं, मधेच प्रश्नचिन्ह. ती उठून पहिल्या रांगेत जाऊन बसली. मांडीवर हात ठेवले. आतून लग्नघरासारखं वाजत होतं.

दहाला हॉल भरला. यशोधरा माईकपाशी आली, पडद्याकडं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. उत्तमराव वाकून म्हणाले, "काय झालं? फॉर्म कुठं आहेत?"

"फॉर्म खर्ड्याला, घरी."

"घरी? अगं, नेवासा, पाथर्डीहून माणसं आलीत!" त्यांनी हॉलभर नजर फिरवली. ती जिथं यायची होती तिथंच आली. "वहिनी..."

"आमचा सत्कार हाय ना आज?" भामाबाई जागेवरून म्हणाली.

"वहिनी, माणसं खोळंबलीत."

तिनं पदर खोचला आणि वर गेली. माईक हातात आला आणि सात वर्षांची सवय जिभेवर आली. "रत्नापूरचा बाळू. बारावी, आयटीआय, वायरमन. पाच एकर हाय, इहिरीला पानी हाय, पन पोरगं लाजाळू हाय, चहा मागून घेनार न्हाई, सासरवाडीनं ध्यानात ठेवावं." हॉल हसला. "नान्नजची सुमन. रंगानं सावळी, अक्कलीनं उजळ." पुन्हा हशा. उत्तमरावांच्या कपाळावरची आठी गेली. एकामागून एक बावीस नावं झाली. मागं टेबलाशी सून खाली मान घालून एकेक अक्षर लावून बघत बसलीय हे भामाबाईला न वळता दिसत होतं, आणि ते तिला साखरेसारखं लागत होतं.

"आता सायली. साळूबाईची धाकटी. उठ गं पोरी, दिसू दे."

निळ्या साडीतली मुलगी उभी राहिली.

"नर्सिंग झालंय, नगरच्या दवाखान्यात लागलीय. लई धीराची पोर. दोन वर्सांमागं साखरपुडा झाल्यावर पोराकडच्यांनी मोडलं, पन ही रडत न्हाई बसली. तवाच परीक्षा दिली आन्..."

हॉल हसला नाही. कौतुकाचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. डाव्या बाजूला पाथर्डीची दोन माणसं एकमेकांच्या कानाशी लागली. साळूबाईनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. ती महिन्यापूर्वी ओट्यावर येऊन म्हणाली होती, मोडल्याचं कोनाला कळू नगं, मावशी. भामाबाईनं तिच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं. सायली थोडा वेळ उभी राहिली आणि मग रांगेतून वाट काढत मागच्या दारानं निघून गेली.

"आत्या," यशोधरा शेजारी उभी होती. "माईक द्या."

पडद्यावर माणसं परत आली होती. ठळक, मराठी.

"सापडलं का? काय झालं होतं?" उत्तमरावांनी विचारलं.

यशोधरानं सासूकडं एकदाच पाहिलं. "माझंच चुकलं, सर. सकाळी बघताना माझ्या हातून अक्षर बदललं गेलं."

"जबाबदारीचं काम आहे पोरी, असं चालायचं नाही."

"व्हय, सर."

भामाबाईला वाटलं, ओरडावं. ओट्यावरची माणसं हिनं घेतली, माईक घेतला. आता चूकसुद्धा हिनंच आपल्या नावावर घेतली. सासूसाठी एवढंसुद्धा शिल्लक ठेवलं नाही. शाल पाटावर घडी घालून ठेवली होती; तिकडं न बघता ती पायऱ्या उतरली.

विहारामागं पाण्याच्या टाकीशी सायली भिंतीकडं तोंड करून उभी होती. भामाबाईनं नळाखाली ग्लास भरला.

"पानी पी."

"तुमी वाईट न्हाई बोलला, मावशी," सायली म्हणाली. ग्लास तिनं घेतला नाही.

आतून स्पीकर खरखरला. यशोधराचा आवाज आला, शाळेत हजेरी घ्यावी तसा सरळ. सायली. वय तेवीस. शिक्षण नर्सिंग. नोकरी कायम. उंची पाच फूट दोन. अपेक्षा, नोकरी चालू ठेवू देणारं घर. बस, एवढंच.

सायलीनं पदरानं तोंड पुसलं, निऱ्या नीट केल्या आणि आत गेली.

भामाबाई भरला ग्लास धरून उभी राहिली. आतून पुढचं नाव आलं, मग त्याच्या पुढचं. हळगावचा पोरगा, त्याचा मामा, मामाचं गाव. प्रत्येक नाव स्पीकरवर यायच्या आधी तिच्या ओठाशी येत होतं. ती ओठ घट्ट मिटून ऐकत राहिली.