न्याहारीआधी अर्धा तास

दुर्बीण घालून बघितलं आणि खानावळवाल्या दोन्या एर्मेलिंदाच्या पोटात अल्सर नाही असं निघालं, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. तिला सोडून. अल्सर असता तर निदान दाखवायला काहीतरी होतं. इथे नुसती जळजळ, चार घासांत पोट गच्च, आणि वर नणंद सेनोबियाची भुणभुण: "वहिनी, थकलात. आता पळी माझ्या हातात द्या."

पळी गेली की खानावळ गेली. आमच्या अरेकीपा शहरात जी चाखते, ती मालकीण.

औषधांच्या दुकानात तीस वर्षं उभा आहे मी; माणसं चिठ्ठ्यांवरून ओळखतो. तिची ही तिसरी. पहिल्या चिठ्ठीवर आम्ल कमी करणारी कॅप्सूल, आठ आठवडे, फायदा शून्य. दुसरीवर अन्न पुढे सरकवणारी गोळी. झोप भरपूर, जळजळ तेवढीच. आता तिसरी, आणि खाली डॉक्टरांचं अक्षर: तिखट बंद, चूल सोडावी.

"ही वेड्यांची गोळी ना, फेलिसियानो?"

"मनाच्या आजाराची. थोडी थोडी पोटालाही देतात."

"म्हणजे मी नाटक करते."

"तसं कोण म्हणतंय? पहिली कॅप्सूल कशी घेत होतात?"

"नियमाने. न्याहारीआधी अर्धा तास, उपाशीपोटी."

"न्याहारी कधी?"

"नऊला."

"आणि चूल?"

"पाचला."

"मग पाच ते साडेआठ पोटात काय जातं?"

"काही नाही! चाखते फक्त." ती बोटांवर मोजू लागली. "मक्याची दारू, चिचा, आंबली का बघायला. प्रत्येक ढिगातली एक रोकोटो मिरची, सगळ्या सारख्या तिखट नसतात. चुपे सूपचा रस्सा. डुकराचं शिजलं का, तो एक तुकडा..."

"हे खाणं नाही?"

"खायला बसावं लागतं रे बाबा. मी उभी असते."

मी डॉक्टरांना फोन लावून हे पाचपासूनचं चाखणं सांगितलं. ते म्हणाले, "पहिली कॅप्सूल महिनाभर खऱ्या उपाशीपोटी घेऊ दे. तिसरी थांबवा. चुलीचं मग बघू."

सेनोबिया लगेच पुढे सरसावली. सकाळचा तेवढा अर्धा तास ती चाखणार होती म्हणे. एर्मेलिंदाने नाही म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून साडेचारला उठायला लागली. कॅप्सूल गिळायची, हात मांडीवर ठेवून घड्याळाकडे बघत बसायचं, पाच वाजले की पळी उचलायची.

महिन्याने आली. डोळ्यांखाली काळं.

"जळजळ?"

"निम्मी गेली."

"आणि उरलेली?"

"राहू दे. मिरच्याही आता दोनच चाखते." ती फळीला टेकली. "डॉक्टर म्हणाले, चुलीपाशी खुशाल उभ्या राहा."

"आणि सेनोबिया?"

"तिला कांदे दिलेत चिरायला. रडायला निमित्त हवंच होतं." जांभई आवरत तिने हात पुढे केला. "आण, अजून एका महिन्याच्या दे. गिऱ्हाइकं बाराला येतात."