आवाज बंद करून

"बोल ना पटकन, मला सव्वादोनला निघायचंय," हर्षल म्हणाला. दिवाणाच्या कडेला तो वही मांडीवर घेऊन बसला होता. अंगात कंपनीचा शर्ट, एका पायात मोजा, दुसरा मोजा खांद्यावर.

उज्वलाने डोळ्यांनीच दटावलं. आभा आत्ता कुठे डोळे मिटत होती. ओढणीखाली तिचं पिणं मंदावलं होतं, पण इवलीशी मूठ आईच्या मंगळसूत्राला घट्ट धरून होती. उज्वलाच्या मोकळ्या हातात मोबाइल होता आणि त्यावर एका पोलीसपटाचा ट्रेलर तिसऱ्यांदा चालला होता. आवाज पूर्ण बंद.

"बायको मेलेली आहे," ती कुजबुजली.

"कोणाची?"

"हिरोची. बघा ना, आख्ख्या ट्रेलरमध्ये तिच्याकडे दुसरं कुणी बघतच नाही. सासू जेवतेय, पोरगा जेवतोय, ही वाढायला उभी. पण ताट कुणी पुढे करत नाही. फक्त तो एकटा बघतो तिच्याकडे. ती नाहीच आहे तिथे."

"आयला!" हर्षल वहीवर वाकला. "अजून?"

"मारामारी दोन दिवसांत उरकलीय. तो पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टवाला तीनदा मार खातो, तीन वेगवेगळ्या गावांत."

हर्षल फस्सकन हसला. आभा दचकली. उज्वलाने तिच्या पाठीवर थोपटत त्याला हातानेच 'जा' म्हटलं.

ही आवाज बंद करून बघायची सवय तिने काही हौसेने लावून घेतली नव्हती. निफाडहून नाशिकला कॉलेजला येत होती तेव्हा शुक्रवारी एसटीतून उतरली की पावलं आपोआप थिएटरकडे वळायची. घरी सांगायचं, एक्स्ट्रा लेक्चर होतं. लग्नानंतर महिन्याला एक सिनेमा तरी व्हायचाच. आभा झाली आणि सोळा महिने थिएटरचा उंबरा दिसला नाही. उरले ते ट्रेलर. दोन-अडीच मिनिटांचे, पोरीच्या एका डुलकीत मावणारे. आवाज लावला की पोर उठायची, म्हणून आवाज बंद. पण मग तिच्या लक्षात आलं, की वाजंत्री थांबवली की लग्नात कोण रुसून बसलंय ते जसं लगेच दिसतं, तसं ह्याचं होतं. ट्रेलरमधलं संगीत गेलं की कोण कुणाकडे बघत नाही, कुणाच्या डोळ्यांतलं पाणी ग्लिसरीनचं आहे, कुठला डोंगर आधीच्या सिनेमातून आलाय, सगळं उघडं पडायचं.

हर्षलचं यूट्यूबवर चॅनल होतं, 'भो, पिक्चर कसाय?' नावाचं. अंबडच्या कंपनीतली ड्यूटी सांभाळून तो थिएटरच्या दारात उभा राहून लोकांना विचारायचा, "भो, पिक्चर कसाय?" लोक म्हणायचे, "एक नंबर." तीनशे जण बघायचे, त्यातले निम्मे नातेवाईक. मग एकदा जेवताना उज्वला एका ट्रेलरबद्दल सहज काही बोलली, त्याने ते व्हिडिओत टाकलं आणि त्याला नाव दिलं, 'म्यूट टेस्ट'. पोलीसपट आला. बायको खरंच मेलेली निघाली. आठवड्यात चॅनल कुठच्या कुठे गेलं. पाथर्डी फाट्यावर भाजीवाला म्हणू लागला, "दादा, तुम्हाला आधीच कसं कळतं ओ?"

खरं सांगायचं तर उज्वलाला त्याचं आधी काहीच वाटलं नव्हतं. उलट आपली वाक्यं त्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं. आभा जागी असली की ती त्याचे व्हिडिओ मुद्दाम मोठ्या आवाजात लावायची. "बघ, पप्पा काय बोलतात," ती म्हणायची. आणि पप्पा बोलायचे त्यातलं कुठलं वाक्य भाकरी थापताना सुचलं होतं आणि कुठलं लंगोट पिळताना, ते तिला तारखेनिशी आठवायचं.

मग त्या द्राक्षबागेवरच्या सिनेमाचं आमंत्रण आलं. दोन भावांच्या वाटणीची गोष्ट. सगळी मंडळी नाशकात येणार होती, मॉलमधल्या थिएटरात ट्रेलर दाखवणार होती आणि हर्षलला स्टेजवर बोलावलं होतं.

"तू पण चल," तो म्हणाला. "आभाला घे. फोटो काढू."

तिने मोरपंखी ड्रेस काढला, जो आता छातीत घट्ट होत होता. रिक्षात बसल्या बसल्या तिने चेहरा कसा ठेवायचा तेही ठरवून टाकलं. नाव घेतलं तर लाजायचं नाही. उठून उभंही राहायचं नाही. नुसतं हसायचं.

ट्रेलर झाला. एवढ्या मोठ्या आवाजात की आभाने दोन्ही हातांनी आईची मान आवळली. टाळ्या पडल्या. निवेदिकेने हर्षलला वर बोलावलं.

"नाशिकचे म्यूट टेस्टवाले! सर, ही भन्नाट कल्पना सुचली कशी?"

हर्षलने माइक दोन्ही हातांत धरला. "काय झालं, एकदा मी सिन्नरला चाललो होतो. बसमध्ये हेडफोन तुटला. म्हटलं, चला, तसाच बघू ट्रेलर. आणि मॅडम, तेव्हा मला जाणवलं की आवाज बंद केला की सिनेमा खोटं बोलू शकत नाही."

शेवटचं वाक्य उज्वलाचं होतं. शब्दाला शब्द. गणपतीतल्या एका दुपारी, आभाला ताप असताना म्हटलेलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला तशी आभा रडायला लागली. दारातला माणूस वाकून म्हणाला, "मॅडम, जरा बाहेर घेता का बाळाला?" ती बाहेर आली आणि पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी पोरीला डोलवत उभी राहिली. आतून टाळ्यांचा आवाज येत होता. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "हिरोला बघायला आला होता का ताई?" ती म्हणाली, "हो."

घरी येताना रिक्षात हर्षल हवेत होता. "काय म्हणाली ती, भन्नाट कल्पना! तू बाहेर का गेलीस गं? डायरेक्टर लय बोलले माझ्याशी."

"ते बसमधलं कधीचं?" उज्वलाने विचारलं.

"कुठलं?"

"हेडफोन तुटला ते."

"अगं, ते होय!" तो हसला. "मग काय सांगू स्टेजवर? बायको पोरगी पाजत होती तेव्हा तिला सुचलं? बरं दिसतं का ते? हसतील लोक."

उज्वलाने आभाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"आणि तुझं-माझं काय वेगळं आहे का?" त्याने आभाच्या गालाला बोट लावलं. "हो की नाही गं ठकू?"

आभा त्याचं बोट पकडून खुदकन हसली. तिला काय, तिच्या दृष्टीने दोघं सारखेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वही घेऊन हजर. "चल, सुरू कर. संध्याकाळपर्यंत टाकायचाय. पिक्चरच्या टीमने खास सांगितलंय."

उज्वलाने ट्रेलर लावला. आवाज बंद. आभा पीत होती. पहिल्यांदा पाहिला, दुसऱ्यांदा पाहिला, तिसऱ्यांदा एका जागी थांबवला.

बागेत द्राक्षं तोडायचा प्रसंग होता. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, धाकट्याची नवी नवरी, सगळे कात्र्या घेऊन तोडत होते आणि घड मुठीत धरत होते, चेंडू धरावा तसे. तसं धरलं की मण्यांवरची पांढरट झाक पुसली जाते, माल हलका ठरतो. उज्वलाच्या वडिलांनी ह्यासाठी मजुरांना बांधापर्यंत हाकलल्याचं तिने पाहिलेलं होतं. पण मागे, एका कोपऱ्यात, त्या भावांची आई उभी होती. तिने घड देठाला धरला होता, दोन बोटांत. कात्री लावली, घड न हिंदकळता खाली आणला आणि क्रेटमध्ये ठेवला, निजलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा. ही नटी नव्हती. हिने आयुष्यभर हेच केलं होतं. गावातूनच उचलून आणून उभी केली असणार. आणि सबंध ट्रेलरमध्ये तिचे ओठ एकदाही हलत नव्हते. कॅमेरा तिच्यावर आला की पुढच्याच क्षणी एखादा मुलगा तिच्यासमोर येऊन उभा राहत होता आणि बोलायला लागत होता.

उज्वलाचं वाक्य तयार होतं, जिभेच्या टोकावर.

"काय वाटलं?" हर्षलने पेनाचं टोपण काढलं.

"छान आहे."

"छान म्हणजे?"

"म्हणजे छान."

"अगं, नीट सांग ना. काहीतरी पकड. कोण मेलंय, कोण खोटं रडतंय..."

"कोणी नाही. सगळं छान आहे."

त्याने वहीत 'छान' एवढंच लिहिलं. मग टोपण लावलं. "बरं नाही का वाटत तुला? झोप झाली नाही वाटतं," म्हणाला, आणि पंख्याचा वेग एकाने वाढवून गेला.

ती रात्र तिने धाकधुकीत काढली. आता व्हिडिओ आपटणार, लोक विचारणार, म्यूट टेस्टला झालं काय. त्याला कळणार. तो येऊन काहीतरी बोलणार. काय बोलणार ते तिने मनातल्या मनात दहा तऱ्हांनी ऐकून घेतलं.

झालं भलतंच. हर्षलने कॅमेऱ्यासमोर डोळे पुसले आणि म्हणाला, "भो, आवाज बंद करून बघितला, तरी गळा दाटून आला." सिनेमातल्या थोरल्या भावाने तो व्हिडिओ स्वतःच्या पेजवर टाकला. त्याआधीच्या कुठल्याच व्हिडिओला एवढी माणसं आली नव्हती. खाली हजारो लोकांनी लिहिलं होतं, दादा रडवलंत.

"बघ," हर्षल म्हणाला, "आपण उगाच चुका काढत बसायचो. लोकांना साधं आवडतं."

मग वही आली नाही. दिवाणाच्या कडेला तो बसायचा तो बूट घालण्यापुरता. नवे ट्रेलर आले, त्याने स्वतःच बघितले, तेही आवाज लावून, आणि सगळ्यांना गळा दाटल्याचं सांगितलं. चॅनल वाढतच राहिलं. उज्वला बोलायची थांबली, पण तिच्यावाचून कुणाचंच अडलं नाही.

प्रीमियरचं आमंत्रण एकट्याचं होतं. हर्षल मुंबईला जाऊन आला. येताना आभाला भिंगरी आणली. बॅग ठेवून तो कुणाकुणाबरोबर फोटो काढले ते दाखवत होता.

"त्यांची आई कशी होती?" उज्वलाने विचारलं.

"कोणाची?"

"त्या दोघा भावांची."

"आई होती का त्यात?" तो आठवू लागला. "हां हां, ती होय. मागे असते. तिला डायलॉग नाही काही."

मंगळवारी तो ड्यूटीवर गेल्यावर उज्वलाने आभाला भरवलं, दूध काढून वाटीत झाकून ठेवलं आणि पोर नि वाटी घेऊन ती तळमजल्यावरच्या लताबाईंच्या दारात उभी राहिली.

"ठेवून जा गं," लताबाई म्हणाल्या. नांदगावकडच्या होत्या, दोन सुनांची बाळंतपणं उरकलेल्या. "लय दिवसांनी निघालीस एकटी. कोणी विचारलं तर काय सांगू? बँकेत गेली म्हणू?"

"पिक्चरला गेली म्हणा."

लताबाईंनी तिच्याकडे बघितलं, आभाला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "जा. पूर्ण बघून ये."

थिएटरात मोजून सात माणसं होती. आख्खा सिनेमा इतक्या महिन्यांनी आवाजासकट अंगावर आला, तेव्हा तिला आधी गुदमरल्यासारखं झालं. भाऊ भांडले, वाटणी झाली, नवरी माहेरी गेली. आई सगळ्यात होती. चहा आणत होती, बैलाला पाणी दाखवत होती, दाराआडून ऐकत होती. शेवटी दोन्ही मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून आईबद्दलच एवढं मोठं भाषण करत होती, आणि ती त्यांच्यामागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. उज्वला खुर्चीत पुढे सरकून बसली. आता तरी. आता काहीतरी विचारा तिला. छातीत दूध दाटून दुखायला लागलं होतं. तिने हाताची घडी घट्ट केली. पडद्यावर मुलं पाणी प्यायली आणि त्यांनी तांब्या परत दिला. सिनेमा संपला.

दिवे लागले. माणसं उठून गेली. पडद्यावर नावं सुरू झाली. हिरो, हिरोचे कपडे शिवणारा, केस करणारा, दिवे धरणारे, जेवण पुरवणारे, गाड्यांचे चालक. उज्वला उभी राहिली. मग 'सहकलाकार' असं आलं आणि त्याखाली अकरा बायकांची नावं, दोन ओळींत, कुणापुढेच 'आई' असं न लिहिलेली. कुणी बयाबाई, कुणी कुसुम, कुणी नुसतं नवऱ्याचं नाव लावलेली. भरभर वर चालली होती. तिने एकेक करून अकराही वाचली, ओठ हलवत.

लांब दांड्याचा झाडू आणि कचऱ्याची पिशवी घेऊन साफसफाईची बाई तिच्या रांगेपर्यंत आली.

"पिक्चर संपला, ताई."

"हो. नावं चालली आहेत."

"कोणी ओळखीचं हाय का त्यात?"

"एक आहे," उज्वला म्हणाली. "त्यातली कुठली, ते नाही कळत."

बाईने काही विचारलं नाही. झाडू खुर्चीला टेकवून, कमरेवर हात ठेवून तीही वर बघत उभी राहिली.