अकरा नंबरची चार माणसं

नवं बिऱ्हाड आलं की आपण काय करतो? पाण्याची वेळ सांगतो, दूधवाल्याशी गाठ घालून देतो, चहा पाठवतो. मग कप परत आणायला जातो आणि दारातच विचारतो, "तुमचं गाव कुठलं?" गावानंतर तालुका, तालुक्यानंतर वाडी. माणूस कोकणातला असेल तर वाडीपाशी सगळं उलगडतं. घाटावरचा असेल तर आडनावावर भागवावं लागतं. हे आपण इतकं हसतखेळत करतो, की त्यात काही वावगं आहे असं आपल्याला वाटतच नाही.

बोरीवली पूर्वेच्या 'श्रमसाफल्य' सोसायटीत अकरा नंबरच्या ब्लॉकात मोऱ्यांचं बिऱ्हाड आलं, तेव्हाही हेच झालं. कुंडलिक मोरे सरकारी कचेरीत नोकरीला. घरात बायको लता, म्हातारी आई शकुबाई आणि दहावीतली मुलगी सुलक्षणा. गाव जालन्याकडचं. मोरे म्हणजे मराठेच असणार, असं सोसायटीने आपलं आपण ठरवून टाकलं. मोऱ्यांना कोणी सरळ विचारलं नाही, आणि त्यांनीही आपणहून काही सांगितलं नाही. जागा अकरा महिन्यांच्या कराराची होती. करार फेब्रुवारीअखेर संपत होता, पण पोरीची परीक्षा आहे, आणखी वर्षभर राहा, असा शब्द जागामालकाने दिलेला होता.

समोरच्या बारा नंबरात मालन राहायची. म्युनिसिपल शाळेत शिक्षिका, तापट पण मनाने चांगली, निदान तिची स्वतःची तशी समजूत होती. सुलक्षणाला बीजगणित जमत नाही हे कळल्यावर रोज संध्याकाळी ती तिला आपणहून शिकवायची. लताच्या हातचा चहा मालनला आवडायचा आणि मालनच्या सासूबाई शेवंतीबाई लताला हक्काने मासळीबाजारात घेऊन जायच्या. दोन्ही दारं दिवसभर उघडी असत.

सन एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत जनगणना आली. दर वेळेप्रमाणे ते काम शिक्षकांच्या गळ्यात पडलं. मालनला तिची स्वतःची सोसायटी आणि शेजारच्या दोन इमारती मिळाल्या. कामाच्या प्रशिक्षण शिबिरात साहेबांनी एक गोष्ट तीनदा बजावली. लोक जे सांगतील ते गुप्त असतं. ते शेजाऱ्याला नाही, घरच्यांना नाही, पोलिसांनाही सांगायचं नाही. बाकीचे शिक्षक जांभया देत होते. मालनने मात्र ते वाक्य वहीत उतरवून त्याखाली लाल शाईने रेघ मारली. मुलांना शिकवताना मारायची तशीच.

पण कामाचा ढीग मोठा, आणि सोसायटीतली माणसं तर ओळखीचीच. तेव्हा वेळ वाचवायला तिने आपल्या सोसायटीचे तक्ते घरीच बसून अर्धेमुर्धे भरून टाकले. नावं, नाती, धर्म. उरलेलं दारात विचारायचं.

पहिलं दार चेअरमन गुणाजींचं. गुणाजी पूर्वी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, आता रिटायर झाले होते. त्यांचा भाचा चंद्रप्रकाश शिकागोला इंजिनिअर. जनगणनेचं नाव काढताच गुणाजींनी भाच्याचं पत्र काढलं. तिकडेही गेल्या वर्षी माणसं मोजली होती. गोरे किती, काळे किती, मेक्सिकोचे किती, चिनी किती. नाना देशांची माणसं एका शहरात, आणि या खेपेला हिंदुस्थानातल्या माणसांसाठी कागदावर वेगळा रकाना. पण पत्राचा शेवट कडू होता. चंद्रप्रकाश जागा शोधत होता. फोनवर जागा रिकामी असायची, आणि त्याचा सावळा चेहरा दारात दिसला की ती नुकतीच कोणाला तरी दिलेली असायची. गुणाजींचे डोळे पाणावले. एवढे शिकलेले लोक आणि माणसाची कातडी बघतात, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. मालनलाही फार वाईट वाटलं. शिकागोबद्दल वाईट वाटून घ्यायला आपल्याला काहीच मोल पडत नाही.

मोऱ्यांकडे ती सगळ्यात शेवटी गेली, निवांत चहा होईल म्हणून. कुंडलिक घरी होता. मालन भराभर वाचत गेली, तो मान डोलवत गेला. धर्माच्या रकान्यात 'हिंदू' आधीच लिहिलेलं होतं. ते वाचून ती पुढे सरकणार तोच भिंतीशी बसलेली शकुबाई बोलली.

"थांब पोरी. लिवायच्या आधी इचारावं. बौद्ध लिव."

कुंडलिकने चटकन आईकडे पाहिलं. लता चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हातारी मात्र शांत होती. एवढे दिवस कोणी विचारलं नाही म्हणून आपण सांगितलं नाही, पण सरकारच्या कागदावर खोटं लावून जगायचं नाही, असं ती म्हणाली. आपल्या मालकांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, ती काय लपवायला, असंही तिने विचारलं.

मालनने 'हिंदू' खोडलं, वर 'बौद्ध' लिहिलं आणि बाजूला सही केली. मग कुंडलिककडे बघून म्हणाली, "काळजी करू नका भावजी. हे कायद्याने गुप्त आहे. माझ्याकडून कोणाला कळणार नाही." कुंडलिकच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. मालन चहाही प्यायली. पण त्या दिवशी तो तिने जरा घाईघाईने संपवला. हे लताने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

चार दिवसांनी शेवंतीबाईंनी काढलं, की शुक्रवारी देवीची ओटी भरायची आहे, सवाष्ण म्हणून समोरच्या लताला जेवायला सांग. मालन भाजी चिरत होती. तिला हो म्हणता आलं असतं. तोंडून निघालं ते मात्र दुसरंच.

"तिला नको आई. दुसऱ्या कोणाला तरी सांगू."

वाचकहो, जीभ घसरली असं मालन पुढे स्वतःला बरेच दिवस सांगत राहिली. ते खरं नाही. जीभ घसरली नव्हती, मन मागे सरलं होतं. अकरा महिने जिच्या हातचा चहा प्यायली, तिला देवीच्या ताटावर बसवायची वेळ आली आणि ही शिकलेली बाई अडखळली. मग सासूने कारण विचारलं, खोदून विचारलं, आणि कारण बाहेर पडलं.

"माका आदी सांगूक नाय तुया?" शेवंतीबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. मालनने त्यांना देवीची शपथ घातली. त्यांनी ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाळली. पाणी यायच्या वेळेला ती गोष्ट तळमजल्यावर पोचली होती, दुपारी गुणाजींकडे आणि संध्याकाळी जागामालकाकडे.

भांडण झालं नाही. आपल्याकडे अशा कामाला भांडण लागत नाही. जिन्यात लता दिसली की बायका लगबगीने आत वळू लागल्या. शेवंतीबाईंनी उंबऱ्यावर पाट आडवा लावला, मांजर येतं म्हणून. गणिताची वही घेऊन आलेल्या सुलक्षणाला त्यांनी बाहेरूनच सांगितलं, की बाईंना बरं नाही. मालन आत होती. तिने ते ऐकलं आणि ती उठली नाही. पुढच्या आठवड्यात जागामालक आला. त्याच्या पुतण्याचं अचानक लग्न ठरलं होतं आणि त्याला जागा हवी होती. पुतण्या कोणी पाहिला नव्हता. मोऱ्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. अठ्ठावीस तारखेला टेम्पो आला. परीक्षा पंधरा दिवसांवर असलेली पोर पुस्तकांचं गाठोडं मांडीवर घेऊन सामानात बसली, आणि ते गोरेगावला लताच्या भावाच्या एका खोलीत गेले.

एक मार्चला पुन्हा फेरी होती. गणती झाल्यानंतर कोणी जन्मलं का, कोणी गेलं का, एवढंच विचारायचं. मालन अकरा नंबरपाशी आली. दाराला कुलूप. तिने हातातल्या सूचना पुन्हा वाचल्या. एकदा मोजलेलं कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं तरी त्याला खोडायचं नव्हतं. म्हणजे सरकारच्या हिशेबी मोरे अजून इथेच होते, श्रमसाफल्य सोसायटी, ब्लॉक नंबर अकरा, माणसे चार. कागदाने त्यांना ठेवून घेतलं होतं. हाकललं ते माणसांनी.

ती तशीच खाली गुणाजींकडे गेली आणि उभ्याउभ्या म्हणाली, की ही गोष्ट माझ्या तोंडून फुटली, मी नियम मोडला, गुन्हा माझा आहे. गुणाजींनी तिला बसायला सांगितलं.

"गुन्हा कसला, बाई? तुम्ही तर सोसायटीवर उपकार केलेत."

शिव्या दिल्या असत्या तर ती सहज सोसू शकली असती.

"भाऊ, चंद्रप्रकाशचं पत्र वाचताना तुम्ही रडला होतात."

"ते वेगळं. तिकडे आपल्यावर अन्याय होतोय," गुणाजी म्हणाले, आणि ते अगदी मनापासून बोलत होते.

त्या संध्याकाळी मालनने लवूला, नवऱ्याला, सगळं सांगितलं. लवू जेवता जेवता थांबला आणि एवढंच म्हणाला, की मला सांगून काय उपयोग, ज्यांना सांगायचं त्यांना सांग. दुसऱ्या दिवशी तिने मुख्याध्यापकांना लेखी कळवलं, की आपण गुप्तता मोडली. ते गृहस्थ चांगले होते. त्यांनी कागद परत केला, आणि असल्या बारीकसारीक गोष्टी वर कळवायच्या नसतात असा सल्ला दिला. शिक्षासुद्धा कोणी द्यायला तयार नव्हतं!

रविवारी ती गोरेगावला गेली. एका खोलीत आठ माणसं. सुलक्षणा मोरीच्या कठड्यावर बसून गणितं सोडवत होती. लताने पाहुणीला स्टूल दिलं. चहा विचारला नाही. मालनने हात जोडले आणि माफी मागितली. बोलली ती शकुबाईच.

"तू सांगितलंस त्याचं मला काय वाटत नाही. मी लपवायला थोडीच सांगितलं होतं? पण तू म्हणालीस, काळजी करू नका. म्हंजे आमचं नाव घेतलं की काळजी करायची, हे तुला आधीच ठावं होतं. ठावं असून तू काय केलंस? सरकार इचारतंय, किती माणसं हायेत, कोण कोण हायेत. इचारू दे. मोजू दे. कोण किती, कुठं मागं राहिलंय, ते कळायला मोजावंच लागतं. उत्तरात पाप नाही पोरी. उत्तर ऐकून तुमचा पाट उंबऱ्यावर आडवा येतो, तिथं पाप हाय."

मालन रडू लागली. म्हातारीने तिला रडू दिलं आणि मग म्हणाली, "माफी नको मला. पोरीचं सेंटर बोरीवलीतच हाय. दोन पेपरांच्या मधी दीड तास सुट्टी. तिला तुझ्या घरी जेवायला बसव. मागच्या जिन्यानं नाही. पुढनं, सगळ्यांच्या देखत."

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मालन रजा टाकून शाळेच्या फाटकापाशी उभी राहिली. सुलक्षणा बाहेर आली. दोघी सोसायटीत शिरल्या तेव्हा गुणाजी बाकावर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. जिन्यात दोन दारं उघडी होती, ती एकामागोमाग लागली. अकरा नंबरच्या कुलपावर धूळ बसली होती. पुतण्या अजून आला नव्हता. सुलक्षणाने तिकडे एकदा पाहिलं आणि ती मालनच्या मागून आत आली.

उंबऱ्यावरचा पाट मालनने सकाळीच उचलला होता. तोच तिने स्वयंपाकघरात मांडला, देवीच्या फोटोसमोर, आणि ताट वाढलं. वरण, भात, बटाट्याची भाजी, खीर, आणि शेजारी पाण्याचा पेला. शेवंतीबाई बाहेरच्या खोलीत तोंड फिरवून बसल्या होत्या. पण त्या उठून गेल्या नाहीत.

पोर पाटावर बसली. मग तिने पिशवीतून आपला डबा काढला आणि एक पाण्याची बाटली.

"बाई, आजीने सांगितलं म्हणून मी आले," ती खाली मानेने म्हणाली. "पण जेवण आईने दिलंय. ती म्हणाली, त्यांच्याकडचं पाणीपण पिऊ नको."

पिढ्यान् पिढ्या ज्यांना आपण पाणी नाकारलं, त्यांच्या एका लेकीने आज आपलं पाणी नाकारलं होतं. मालनने ते वाढलेलं ताट बाजूला सारलं नाही. ती पोरीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि वही उघडून दुपारच्या पेपराची उजळणी घेऊ लागली. डबा संपला, पोर हात धुऊन उठली. निघताना तिने मालनला वाकून नमस्कार केला. तिच्या घरची शिकवण होती ती.

परीक्षेचे सगळे दिवस हेच चाललं. रोज पुढच्या जिन्याने येणं, रोज पाट, रोज भरलेलं ताट आणि रोज घरून आणलेला डबा. शेवटच्या दिवशीही पेल्यातलं पाणी तसंच राहिलं. मालनने मात्र ठरवलं आहे, की अकरा नंबरात कोणीही राहायला आलं तरी आपण गाव विचारायचं नाही. पाण्याची वेळ सांगायची आणि दार उघडं ठेवायचं.

तेव्हा नागरिकहो, आपल्या शहरात किती जातींची, किती धर्मांची, किती मुलखांची माणसं राहतात, याचा आकडा सरकार दर दहा वर्षांनी छापतं आणि आपण तो अभिमानाने सांगतो. त्यातली किती माणसं आपल्या शेजारी राहू शकतात, हा आकडा कुठे छापत नाहीत. तो आपल्या उंबऱ्यावर असतो. कोणी आपल्याला स्वतःबद्दल खरं सांगतो, तेव्हा तो आपल्यावर भरवसा टाकत असतो. तो भरवसा मोडला, तर माफी मागायला गोरेगावला जाता येतं, पण पाण्याचा पेला पुन्हा हातात घेतला जाईलच असं नाही. मालन अजून वाट बघते आहे.