हरणीचा केर

सत्यशीलाबाईंनी कोपऱ्यातला केसांचा गोळा सुपलीत ओढला, त्यावर गवताच्या काड्या झाडून घेतल्या आणि कमरेला हात लावून उभ्या राहिल्या. काल झाडलं होतं. परवाही झाडलं होतं. आज सकाळी पुन्हा तेवढाच ढीग, तोही बुद्धाची मूर्ती ठेवलेल्या फळीखालच्या त्याच कोपऱ्यात.

"काय गं ए भवाने," त्या म्हणाल्या, "मी काय तुझ्या बापाची नोकर आहे?"

हरणी भिंतीला पाठ लावून बसली होती. हरणी म्हणजे सशीण. पण ससा म्हटल्यावर डोळ्यासमोर जे कापसाचं बोंड येतं, ते विसरा. ही जात परदेशातली, थोराड. अंग चांगल्या पोसलेल्या कुत्र्याएवढं, कान बघाल तर वीतभर. तिचा जोडीदार भोपळ्या तिच्याहून मोठा. तो दिवाणाखाली पोतं टाकल्यासारखा पडून असायचा. त्यानं मागचा पाय आपटला की खालच्या मजल्यावरून आमोदरावांचा फोन यायचा, "काय सत्यशीलाताई, आज मसाला घरीच कांडताय वाटतं?"

दोघं ऋतुजाचे. लग्नात कुणाच्या सुनेबरोबर कपाट येतं, कुणाच्या फ्रिज. सत्यशीलाबाईंच्या वारज्याच्या फ्लॅटात हे दोघे आले. सकाळ झाली की लेक प्रज्ञेश आणि सून ऋतुजा खराडीला जायला निघणार, अख्खं पुणं ओलांडून. संध्याकाळी परत येणार ती चोखून टाकलेल्या आंब्यासारखी. मग दिवसभर गवत घालायचं, मेथी धुऊन निथळत ठेवायची, लेंड्या झाडायच्या, ऊन चढलं की पंखा लावायचा, ते कुणी? जन्मभर शाळेत शिपाई म्हणून वर्ग झाडले, आणि पेन्शनीत निघाल्यावर पुन्हा हातात झाडूच.

तरी करत होत्या. कारण ऋतुजा त्यांच्याशी बोलत नव्हती.

भांडण वगैरे काही नाही. "आई, चहा ठेवू?" "आई, येते." एवढं व्हायचं. पण त्याच्यापुढं काही नाही. दिवाळीच्या आधी ऋतुजाचं पोटातलं बाळ गेलं, सहावा संपत आला असताना. ती दवाखान्यात होती तेव्हा सत्यशीलाबाईंनी तेच केलं जे त्यांच्या आईनं केलं असतं, मावशीनं केलं असतं. बाई घरी यायच्या आत बाळाचं म्हणून आणलेलं सगळं घराबाहेर. डोळ्यासमोर राहिलं तर जखम भरायची कशी? कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं गाठोडं उचललं, न सोडता पुलाकडच्या बांधकामावरच्या बायकांना देऊन आल्या. कप्पा पुसला, नवा कागद अंथरला. ऋतुजा आली, तिनं कप्पा उघडला, बघितला, लावून टाकला. एक अक्षर बोलली नाही. तेव्हापासून संध्याकाळी घरी आली की फरशीवर या दोन धुडांजवळ बसायची.

सत्यशीलाबाईंना वाटायचं, दुःख आहे, ओसरेल. ओसरेना. मग त्यांनी मनाशी ठरवलं, तिचे ससे जपू. ससे जपले तर कधीतरी दोन शब्द आपल्याही वाट्याला येतील.

आणि आता सुपली ओतताना त्यांना केसांवर रक्त दिसलं.

त्या गुडघा धरून वाकल्या. हरणीची छाती उघडी पडली होती, पिसं काढलेल्या कोंबडीसारखी, मधे लालभडक. रात्रीची मेथी तशीच. सशानं दिवसभर खाल्लं नाही तर तो जातो, एवढं ऋतुजानं पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. सत्यशीलाबाईंनी प्रज्ञेशला फोन लावला.

"आई, मीटिंग चालू आहे गं. ऋतुजाला काही सांगू नकोस आत्ता. कर्वेनगरला निशा डॉक्टर आहेत ना, तिथं नेशील का?"

"मी? हे धूड?"

"रिक्षा कर ना."

म्हणजे झालं. धुण्याचा टब काढला, त्यात जुनी चादर घातली. एक हात छातीखाली, एक हात बुडाखाली, असंच उचलायचं. नाहीतर हिनं लाथ झाडली तर हिचंच कंबरडं मोडायचं. हिचं वाचलं, सत्यशीलाबाईंचं मोडायचं राहिलं होतं तेवढंच.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. "मावशी, करडू आहे का?"

"ससा आहे."

"ससा? खायला काय, युरिया घालता?"

"तू पुढं बघ. मला अजून जगायचंय."

निशा डॉक्टरांनी हरणीला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, तोंड उघडून दात बघितले. मग हसल्या थोडं.

"खरूज नाही, काही नाही. हिला वाटतंय ही गाभण आहे."

"वाटतंय म्हणजे? त्या भोपळ्याचं तर ऑपरेशन झालंय."

"झालंय ना. पोटात काही नाहीच. पण अंगाला कोण समजावणार? हिला वाटतंय पिल्लं येणार, म्हणून घरटं करतेय. स्वतःचे केस उपटून आतून मऊ करतात या. हिचंही ऑपरेशन करायचं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. तेव्हाच सून दवाखान्यात..."

"हो हो. आठवलं." डॉक्टरांनी कपाटातून मलमाची ट्यूब काढली. "घरटं कुठं केलंय?"

"घरटं कसलं? कोपऱ्यात केर करते. मी झाडून टाकते रोज."

डॉक्टरांचा हात थांबला. "रोज?"

"मग? घरभर केस उडतात, डॉक्टरबाई."

"अहो मावशी, तुम्ही झाडता म्हणून ती पुन्हा करते. केस संपले तरी उपटते. असू द्या ते. तिचं तिला झालं की ती आपणहून सोडेल. आपण हात लावायचा नाही."

सत्यशीलाबाईंना हे काही पटलं नाही. "पण पिल्लं नाहीतच ना? मग ते रिकामं बघून जनावराला उगाच जास्ती..."

"रिकाम्याचा त्रास नाही तिला," डॉक्टर मलमाच्या ट्यूबचं झाकण फिरवत म्हणाल्या. "केलेलं नाहीसं होतंय, त्याचा आहे. पाय घट्ट धरा हं."

सत्यशीलाबाईंनी पाय धरला. मलम लावून झालं, इंजेक्शन झालं, डॉक्टर बेसिनवर हात धुऊन आल्या, तरी त्यांनी पाय धरूनच ठेवला होता.

"सोडा आता, मावशी. झालं."

"हो," त्या म्हणाल्या. "सोडते."

येताना रिक्षावाला दुसरा होता. तोही काहीतरी विचारत होता. सत्यशीलाबाईंनी ऐकलं नाही.

घरी आल्या तर दारातली केराची बादली रिकामी. कचरेवाली येऊन गेली होती. त्या बादलीत जरा वेळ बघत राहिल्या. मग गॅलरीतून कवळाभर सुकं गवत आणलं आणि फळीखालच्या कोपऱ्यात टाकलं. हरणी आधी हलली नाही. मग आली. तोंडात मावेल तेवढं गवत भरलं, दोन्हीकडून मिशांसारख्या काड्या बाहेर, आणि ते घेऊन गोल फिरली, ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. अर्धं गवत हॉलभर पसरलं. सत्यशीलाबाईंचा हात आपोआप झाडूकडे गेला. झाडू उचलला, दारामागं ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. आयुष्यात इतकं दमायला झालं नव्हतं त्यांना, आणि तेही न झाडून.

दुपारी हरणीनं मेथीची एक काडी ओढली. मग दुसरी. सत्यशीलाबाईंनी भिंतीला डोकं टेकलं.

ऋतुजा आली तेव्हा कुकर गॅसवर होता. ती दारातच थबकली.

"आई, हे काय? तुम्हाला बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय. ते गवत राहू दे, पाय देऊ नकोस." मग त्यांनी सांगितलं, सगळं, रक्त, टब, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते. शेवटी म्हणाल्या, "मी रोज फेकत होते. मला केर वाटला."

ऋतुजा खांद्यावरच्या बॅगेसकट खाली बसली. हरणीची छाती बघितली. भोपळ्या दिवाणाखालून सरपटत आला आणि तिच्या मांडीवर त्यानं डोकं टाकलं.

"तुम्ही एकट्या घेऊन गेलात हिला? ती केवढी जड आहे."

"आहे खरी."

पुढं काही नाही. नेहमीसारखं. कुकरची शिट्टी झाली. सत्यशीलाबाईंनी दिवाणाचा काठ धरला आणि हळूहळू, गुडघा कटकन वाजवत, फरशीवर बसल्या. गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यांना खाली बसायला बंदी केली होती, त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

"ऋतुजा."

"हं."

"त्या गाठोड्यात काय काय होतं गं? मी सोडून बघितलंच नाही."

भोपळ्याच्या कानावरून फिरणारा ऋतुजाचा हात तिथंच राहिला. ती मान वर करेना. आता ही उठून आत जाणार, सत्यशीलाबाईंना वाटलं. 'जाऊ दे, नको आठवूस' हे त्यांच्या ओठांपर्यंत आलं. इतके दिवस तेच म्हणत होत्या. त्यांनी ते गिळलं आणि बसून राहिल्या.

"दुपटी होती," ऋतुजा म्हणाली. "मऊ. माझ्या आईच्या साड्यांची." तिनं भोपळ्याचा दुमडलेला कान सरळ केला. "एक टोपरं. आणि एक पिवळं झबलं, मी शिवलेलं. हातानं."

"तुला शिवता येतं?"

"नाही ना येत. एक बाही आखूड झाली होती."

पुन्हा शिट्टी झाली. भात गचका होणार होता. दोघींतलं कुणी उठलं नाही.

"नाड्या लावल्या होत्यास का बटणं?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"नाड्या," ऋतुजा म्हणाली. "बटणं रुततात ना, पालथं झोपवलं की."