बोचक्यात बांधलेला प्रोजेक्ट

प्रॅक्टिकलच्या दिवशी चालत्या प्रोजेक्टला हात लावू नये, एवढी साधी अक्कल जयाला कुणी दिली नव्हती. तिसगावच्या कोणत्या वस्तीवर पाण्याचा टँकर कधी येणार, हे सांगणारा तिचा प्रोग्रॅम काल होस्टेलवर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर सुरळीत चालला होता. पण सकाळी तिला वाटलं, बाहेरच्या परीक्षक येणार, तर जरा आवरून न्यावं. मग टँकरच्या फेऱ्यांची फाइल तिने एका फोल्डरमध्ये घातली, वस्त्यांची दुसऱ्यात, आणि पेनड्राइव्ह घेऊन नगरच्या कॉलेजात आली. आवरल्यावर एकदा चालवून बघायचं तेवढं राहिलं.

आता लॅबमध्ये तिच्यासमोर लाल अक्षरं होती. 'फेरी' नावाचं मॉड्यूल सापडत नाही.

याच विषयात जया मागच्या वेळी नापास झाली होती. तिचे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जात. ऊसतोडीत कोयता म्हणजे दोन माणसं, एक तोडणारं आणि एक मोळ्या बांधणारं. यंदा तिच्या वडिलांची, भिमाजी आण्णांची, कंबर धरली होती. आई लंकाबाईने काल घरून निघताना सरळच सांगितलं होतं, "पास झालीस तर शीक, मी बघीन काय करायचं ते. न्हाईतर परवा ट्रॅक्टरवर माझ्यासंगं चल. मी येकटी कोयता कशी हुनार?"

मागच्या दिवाळीची सुट्टी जयाने उसाच्या फडात काढली होती. पाचटाने चिरलेले हात बरे झाले. पण पाण्याला एकटीने जाताना मागून येणारी मुकादमाच्या माणसाची पावलं तिला अजून ऐकू येत. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. सुट्टीचे ते दिवस संपले तरी होते. आता नापास झाली तर अख्खा हंगाम होता.

परीक्षक मॅडम दोन रांगा पलीकडे होत्या. जयाला वाटलं, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर हे मॉड्यूल टाकलेलंच नसणार. ती ते इन्स्टॉल करायला निघाली. आता बघा, 'फेरी' ही तिने स्वतः रात्र रात्र बसून लिहिलेली फाइल, आणि ती मागत होती इंटरनेटकडे. घाबरलेल्या माणसाची अक्कल अशी गहाण पडते. असं काही अस्तित्वातच नाही, असं उत्तर आलं. तिने पुन्हा प्रोग्रॅम चालवला. पुन्हा तीच लाल अक्षरं. मॅडम एक रांग अलीकडे आल्या.

'फाइल आहे,' ती स्वतःशीच म्हणत होती. 'मी आणलीय. कुठे गेली?'

आणि तिला फडातली पहिली संध्याकाळ आठवली. चूल मांडली, पीठ मळायला घेतलं आणि मीठ सापडेना. जया रडकुंडीला आली होती. आई पाचटावर बसून ओरडली, "मीठ आनलंय की. बोचक्यात हाय. बोचकं सोडल्याबगर कसं घावंल?" घर सोडताना भांडी एका बोचक्यात, कपडे दुसऱ्यात, धान्य तिसऱ्यात, असं बांधायची आईची पद्धत. सकाळी फाइली आवरताना जयाच्या हातांनी तेच केलं होतं. सामान बांधलं आणि प्रोग्रॅमला सांगितलंच नाही, काय कुठल्या बोचक्यात आहे ते.

तिने 'फेरी' फोल्डरमधून ओढून मुख्य फाइलशेजारी टाकली. आता लाल अक्षरं 'वस्ती' मागू लागली. तीही ओढली. स्क्रीनवर विचारणा आली, वस्तीचं नाव लिहा.

"काय गं, सगळ्या फाइली अशा उघड्यावर का?" मॅडम मागे उभ्या होत्या.

जया उठून उभी राहिली. "फोल्डर केले होते मॅडम. मग त्याला सापडेनात."

"इम्पोर्टच्या ओळीत फोल्डरचं नाव आधी लिहायचं, की सापडतात." मॅडमनी चालवून बघितलं, दोन-चार प्रश्न विचारले. मग तिचा चेहरा बघून म्हणाल्या, "पाणी पी जरा. पास आहेस तू."

जिन्यात बसून तिने घरी फोन लावला.

"आये, पास झाले."

लंकाबाई म्हणाली, "ब्येस झालं. तुजी कापडं बांधली हुती, सोडून ठिवते."

"मग तुझ्यासंगं कोन?"

"तुजं आण्णा. सकाळपास्नं कमरंला पट्टा बांधून बसल्यात. म्हनत्यात, पोरगी पास हुनारच."

ज्या शब्दासाठी सकाळपासून जयाचा जीव टांगणीला लागला होता, तोच आता परत घ्यावासा वाटला.

"आण्णांना दे," ती म्हणाली.

आण्णांचा आवाज यायला वेळ लागला. त्याआधी बाजेवरून उठताना ते कण्हले, ते तिला ऐकू आलं.