सत्तावीस नंबरचं नाव

सकाळपासून इंदिरेच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. नऊ महिन्यांच्या छबीला दात येत होते आणि चार रात्री झाल्या, पोरगी तासाभराच्या वर डोळा लागू देत नव्हती. तरी उठायचं तेव्हा उठून तिनं पाणी भरलं, कणीक मळली, नवऱ्याचा डबा भरला. यशवंतराव रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कारकून. भोंग्याच्या आत पोचायचं म्हणून ते सायकल काढून निघाले, तशी तिनं छबीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि कोनाड्यातला रांगोळीचा डबा पदराखाली घेतला.

"आज इतक्या लवकर?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"आज मुआइना आहे ना आई. इन्स्पेक्टर बहनजी येणार शाळा तपासायला. दारात रांगोळी मी काढीन म्हटलंय."

"आपल्या दारात आठ दिवस झाले, रेघ उमटलेली नाही." रुक्मिणीबाईंचा आवाज चढला नाही, तो कधी चढतच नसे. "जा. दसऱ्याला सहा दिवस राहिले. तेवढे काढ."

दसऱ्याचा हा वायदा जूनपासूनचा. त्या उन्हाळ्यात बड्या बाजारामागच्या धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर मुलींचं हिंदी हायस्कूल उघडायचं ठरलं. गल्लीतल्या मुलींना आठवीपुढे शिकायचं तर लांब जावं लागे आणि लांब कोणी पाठवत नसे. मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या बडी बहनजी, नववीसाठी मुली गोळा करत घरोघर फिरल्या. इंदिरेच्या पेटीतला आठवी पासचा दाखला निघाला तो त्यांच्याच समोर. यशवंतराव म्हणाले, जाऊ दे. रुक्मिणीबाई म्हणाल्या, दसऱ्यापर्यंत बघू. पोर वाळली तर शाळा बंद. आणि छबी काही बाळसं धरत नव्हती.

दाखल्यावर नाव होतं 'शकुंतला, पिता बापूराव, लश्कर'. ग्वाल्हेरच्या लश्करात तिचं माहेर. लग्नात तांदळाच्या ताटात यशवंतरावांनी अंगठीनं 'इंदिरा' लिहिलं, त्या दिवसानंतर शकुंतला म्हणून तिला कोणी हाक मारली नव्हती. वडीलसुद्धा पत्रावर 'चि. सौ. इंदिरा' घालत. शाळेत त्याचं काही अडलं नाही, कारण वर्गात हजेरी नंबरानं होई. ती सत्तावीस नंबर. बाकीच्या एकोणतीस मुली चौदा-पंधराच्या आणि ही एकोणीस वर्षांची, लेकुरवाळी. पहिल्याच दिवशी शारदानं तिला 'भाभी' केलं आणि तेच राहिलं.

ही शारदा मिठाईवाल्याची मुलगी, तोंडाळ आणि मोठ्या मनाची. शाळेला घंटा नव्हती, तर तिनं आजीची पितळी थाळी आणि लाटणं आणलं. गणवेशाला पैसे नव्हते, तर सगळ्यांनी मिळून निळं कापड फाडून रिबिनी केल्या. भिंती मुलींनीच चुन्यानं रंगवल्या. निम्मा चुना एकमेकींच्या वेण्यांत गेला. आता मान्यता मिळायची तेवढी राहिली होती. मान्यता नाही तर पुढच्या वर्षी बोर्डाचा फॉर्म नाही, आणि फॉर्म नाही तर ही सगळी भातुकलीच म्हणायची.

इंदिरेनं वर शाळेच्या उंबऱ्याबाहेर ठिपके मांडून कमळ काढलं आणि खाली शाळेचं नाव लिहिलं.

"हाय भाभी, इस पर पैर कौन रखेगा?" शारदा जिन्यातून ओरडली. "इन्स्पेक्टर बहनजी को उठाकर अंदर लाना पड़ेगा!"

बहनजी बारा वाजता आल्या, छत्री मिटून रांगोळीला वळसा घालून. बारीक चष्मा, बारीक ओठ. पाण्याचा पेला त्यांनी बाजूला सारला आणि नववीच्या वर्गात खुर्चीवर बसून हजेरीपट मागवला.

"नंबर नहीं. मैं नाम पुकारूंगी," त्या म्हणाल्या. "पिछले साल एक स्कूल में आधे नाम मौसेरी बहनों के निकले थे."

इंदिरा शेवटच्या बाकावर, खिडकीशी. रोज साडेबाराच्या सुट्टीत ती धावत घरी जाई, छबीला पाजून धावत परत येई. आज सुट्टी कधी होणार याचा पत्ता नव्हता आणि पान्हा दाटून काखेपर्यंत ठणकत होतं. एकेक नाव येत होतं, एकेक मुलगी उठत होती. त्या एकसुरी आवाजानं इंदिरेच्या पापण्या जड झाल्या.

"शकुंतला."

कोणी उठलं नाही.

"शकुंतला! पिता बापूराव!"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. "ये कौन है?" शारदा पुटपुटली. इंदिरेनंही मान वळवली. इतक्या जणींना ताटकळत ठेवणारी ही शकुंतला कोण, हे तिलाही बघायचं होतं.

इन्स्पेक्टर बहनजींनी पर्समधून लाल पेन्सिल काढली.

"सत्ताईस नंबर!" दारातून बडी बहनजींना राहवलं नाही.

"उपस्थित!" इंदिरा ताडकन उठली.

"आप बीच में मत बोलिए," इन्स्पेक्टर बहनजी दाराकडे न बघता म्हणाल्या. मग इंदिरेला, "नाम?"

"इंदिरा."

तोंडातून निघून गेलं. वर्गात खसखस पिकली. बडी बहनजींनी कपाळाला हात लावला. इंदिरेचे कान तापले आणि झोप कुठल्या कुठे पळाली.

"जी, मतलब... शकुंतला मैं ही हूँ. हमारे यहाँ शादी में नाम बदलते हैं."

"पूरा नाम?"

"जी, पूरा."

"तो हाईस्कूल का इम्तहान कौन देगी? इंदिरा कि शकुंतला?"

"मैं दूँगी," इंदिरा म्हणाली. दुसरं काय सांगणार?

"बहनजी, भाभी झूठ नहीं बोलतीं!" शारदा उभी राहिली. "बाहर का कमल इन्हीं ने बनाया है!"

"कमल बनाया होगा. अभी मैंने शकुंतला पुकारा, तब तुम पहचान गईं इन्हें?"

शारदा हळूच खाली बसली.

इन्स्पेक्टर बहनजी वाईट बाई नव्हत्या, पण बाकं भरायला आणून बसवलेल्या सुना त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यांनी सांगितलं, सासरचं कोणी मोठं माणूस येऊन दोन्ही नावं एकीचीच आहेत असं लिहून देईल तर ठीक. मी तीनपर्यंत इथं आहे. नाहीतर हे नाव कटेल, आणि एक नाव खोटं निघालेल्या शाळेची मी शिफारस करत नसते.

इंदिरा जिना उतरली. यशवंतराव वर्कशॉपमध्ये, पार सीपरी बाजाराच्या पलीकडे; तीनच्या आत निरोप जाऊन माणूस यायचा नाही. मोठं माणूस घरात एकच होतं.

घरी छबी रडून रडून लाल झाली होती. इंदिरा चपला न काढताच उंबऱ्याआड बसली आणि तिला पदराखाली घेतलं. पोर पिऊ लागली, तेव्हा तिनं खाली बघत सगळं सांगितलं. रुक्मिणीबाई दोरीवरच्या लंगोट्या काढून घड्या घालत ऐकत होत्या.

"म्हणजे मी नाही आले तर?"

"तर नाव कापतील."

"नुसतं तुझंच?"

"शाळेलाही मान्यता अडेल, आई."

रुक्मिणीबाईंनी आणखी एक घडी घातली. इंदिरेला कळत होतं की त्यांना काहीसुद्धा करायला नको. भांडायला नको, दसऱ्याची वाट बघायला नको. नुसतं बसून राहिलं की झालं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला स्वतःलाही वाटून गेलं की बसून राहावं. छबीला कुशीत घेऊन इथंच भिंतीशी आडवं व्हावं, आणि कोणी कुठल्याच नावानं हाक मारू नये. मग तिला चुन्यानं माखलेल्या वेण्या आठवल्या. ते लाटणं, ती थाळी.

"शकुंतला नाव मीच बदलायला लावलं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "आमच्या थोरल्या वन्सं शकुंतला. त्यांच्या नावानं सुनेला हाका कशा मारायच्या?" थोडं थांबून त्यांनी विचारलं, "वर्गात काय म्हणतात तुला?"

"भाभी."

"आणि मास्तरणी?"

"सत्ताईस."

"म्हणजे तिथंही नाव नाहीच." हातातली लंगोटी त्यांनी घडी न घालताच ठेवली. "पोरीला पाजून घे नीट. आणि माझी शाल काढ."

नऊवारी, अंगावर शाल आणि काखेत छबी, अशा रुक्मिणीबाई धर्मशाळेचा जिना चढल्या. वर रांगोळीशी थांबल्या, कमळाकडे पाहिलं, नेसणं सावरून कडेकडेनं आत गेल्या. मुलींनी उभं राहून वाट दिली.

"नाम हमने बदला था, बाई," त्या आपल्या हिंदीत म्हणाल्या. "नाम हमारे घर का है. लड़की तो वही है, बापूराव की. लिखो, कहाँ लिखना है."

इन्स्पेक्टर बहनजींनी कागद लिहून पुढे केला. "यहाँ दस्तखत. आपका नाम?"

रुक्मिणीबाईंनी टाक हातात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला. छबी त्यांच्या कानातली कुडी ओढत होती.

"कौन सा?"

"मतलब?"

"ससुराल का रुक्मिणी. मायके का दुर्गा."

वर्गात कोणी हसलं नाही. इंदिरा सासूबाईंकडे बघत राहिली. तीन वर्षं एका चुलीशी बसत होती, पण हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"जिस नाम से लोग जानते हैं, वही लिखिए," इन्स्पेक्टर बहनजी जरा हळू आवाजात म्हणाल्या.

"हाँ. दुर्गा कहनेवाला अब बचा भी कौन." रुक्मिणीबाईंनी सावकाश, एकेक अक्षर रेखत 'रुक्मिणी' लिहिलं.

लाल पेन्सिल पर्समध्ये गेली. इन्स्पेक्टर बहनजींनी हजेरीपटात शाईनं 'शकुंतला उर्फ इंदिरा' लिहिलं आणि पुन्हा पुकारलं. या वेळी इंदिरा उठली. आवाज मोठा निघाला नाही, पण 'उपस्थित' सगळ्यांना ऐकू गेलं. मान्यतेचं पत्र महिन्याभरात येईल, असं सांगून बहनजी छत्री उघडून गेल्या. होय म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पण जाताना कमळाजवळ क्षणभर थबकल्या, हे शारदानं जिन्यातून पाहिलं आणि लाटण्यानं थाळी अशी बडवली की खालचे दुकानदार बाहेर आले.

शाळा सुटल्यावर दोघी परतल्या. घरी येऊन इंदिरा ओसरीवर भिंतीला टेकली. मांडीवर भूमितीचं पुस्तक, डोक्यात नुसता भुगा.

"दसरा झाला की," रुक्मिणीबाई आतून म्हणाल्या.

इंदिरेनं श्वास रोखला.

"दसरा झाला की छबीला वरणाचं पाणी सुरू करू. नऊ महिने झाले, नुसत्या दुधावर बाळसं कशी धरेल? दुपारचं मी बघीन. तू आपली सुट्टीत ऊर फुटेस्तोवर धावत येऊ नकोस. ऐकलंस का?"

उत्तर आलं नाही. त्या ओसरीवर आल्या. सून बसल्या बसल्याच झोपली होती, तोंड जरासं उघडं, बोटांना अजून पांढरी रांगोळी. दिवेलागणीची वेळ झाली होती, उठवायला हवं होतं. रुक्मिणीबाईंनी तिच्या मांडीवरचं पुस्तक उचलून छबीच्या हाताला लागणार नाही असं कोनाड्यात ठेवलं. मग दिवा आपणच लावला, डब्यात उरलेली रांगोळी चिमटीत घेतली आणि उंबऱ्याबाहेर दोन रेघा ओढल्या.